उघाडी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे मे महिन्यातही शाल लागते,
मी एक जग सांभाळते.
माणसं बावीसशे, त्यातली रात्री जागी चाळीसेक.
घरं, गल्ल्या, कधीच पुरा न झालेला एक पूल
आणि वस्तू.
वस्तूंना तिथे बोलता येतं:
दारावरची घंटा मालकाला ईमेल धाडते,
कुंडी कळवते, पाणी घाला.
ही सोय मीच चालू केली होती. हौसेने.

मंगळवारी, रात्रीचे दोन सतरा.
रांगेत एकसष्ट हजार पत्रं.
माग काढत गेले
तर एका ओसाड प्लॉटवर, जमिनीखाली पुरलेली बादली,
बोटभर, आरपार दिसणारी.
मालकाचं खातं सहा तासांचं, नाव अआअआ.
कर्ज घ्या, केस उगवा, तुमचं पार्सल अडलंय,
आणि प्रत्येक पाकिटावर पाठवणारा म्हणून
माझ्या सर्व्हरचं नाव.

बादली पुसली.
पण उजाडेपर्यंत आमचा पत्ता काळ्या यादीत,
घंटेचं, कुंडीचं, कुणाचंच पत्र
कुणी उंबऱ्याशी घेईना.

बुधवारी साहेब म्हणाले, बंदच करून टाक.
एकच ओळ असते. बोट तिच्यावर होतं
तेव्हा फोन वाजला.

हसुराम मढवी, तळवली. वय एकाहत्तर.
त्यांनी माझ्या जगात बांधलंय सिडकोच्या आधीचं शेत:
खाजण, बांध, निवट्यांची बिळं,
बांधात लाकडी झडपेची उघाडी.
भरतीने झडप लोटली की अकरा जणांना ईमेल जातो.
मजकूर दोन शब्द: झडप लागली.
दिवसातून दोनदा, आठ वर्षं.
गोठिवलीला बहीण, दिवागावात भाचा,
एकजण मस्कतला, तो उत्तर देत नाही.

"कालपासून भरती नाय का गो आली?"

मी बादलीचं सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"उघारी कायमची बंद ठेवून बांध राखत नाय कुनी, पोरी.
आतलं पानी आतच कुजतं, मंग बांधच फुटतो.
वाट ठेव. पन केवढी? कोपरभर."

माझी गत उलटी होती,
खारं पाणी आतूनच येत होतं.
ते त्यांना बोलले नाही.
माप मात्र घेतलं.

एक वस्तू एक पत्र टाकेल, मग वीस सेकंद गप्प बसेल.
मालकाला दिवसाचा शिधा चाळीस पत्रांचा,
बादल्या एक असो की हजार,
कारण हजार करणारा येणारच.
नवं खातं आठवडाभर मुकं.
पत्राच्या तळाशी वस्तूचं नाव, मालक, प्लॉट,
म्हणजे शिवी योग्य दारात पोचेल.
आणि ज्याने हो म्हटलं त्याच्याचकडे पत्र.

माझ्या स्वतःच्या खात्यावरून अकराही जणांना विचारलं.
मस्कतवाल्याने तासाभरात लिहिलं: हो.
खाली काही नाही. नुसतं हो.

तो यादीत अकरावा. त्याच्याकडे भरती आता
तीन मिनिटं वीस सेकंद उशिरा जाते.

शनिवारी काळ्या यादीतून सुटलो
आणि अडकून पडलेल्या नऊ भरत्या
एका दमात बाहेर पडल्या.
मी समाधानाने चहा ओतत होते.

"गो, शिळी भरती कशाला धारलीस?
नऊ येला झडप लागली,
आन खारीत बगतो तं ओहोटी!"
हसता हसता त्यांना ठसका लागला.

त्या रात्री आणखी एक ओळ वाढवली:
सहा तासांत निघालं नाही ते पत्र फेकून द्यावं.
शेजारी, माझ्यानंतर या खुर्चीत जो बसेल त्याच्यासाठी,
टीप: भरती साठवू नये.
हसुराम मढवी यांना विचारून.